वजिराचा रंग

हिरडगावच्या महाराजांना बुद्धिबळाचा भारी नाद. डाव चालू असताना कुणालाही आत सोडायचं नाही, असा त्यांचा हुकूमच होता. एके दिवशी दिवाण त्र्यंबकपंत तरातरा आले आणि दारावरच्या सुभानाने भाला आडवा धरला.

पंतांनी असा काही आरडाओरडा केला, की महाराजच डाव सोडून बाहेर आले.

"महाराज, याला आजच्या आज कामावरून काढा!" पंत गरजले. "पटावर वजीर उभा, आडवा, तिरपा, हवा तितका चालतो. प्यादं रखडतं एकेक घर. आणि हे प्यादं वजिराला अडवणार?"

वीस वर्षांची चाकरी जाते की काय, असं सुभानाला वाटलं. तरी तो हात जोडून म्हणाला, "सरकार, प्याद्यावरून उडी मारणं घोड्याला जमतं, वजिराला नाही."

"उडी कशाला? वजीर प्यादं मारतो!"

"मारतो की. पण दुसऱ्या रंगाचं. मी तर सरकारांच्या रंगाचा. पंतांनी मला खुशाल मारावं, फक्त आधी त्यांचा रंग कोणता ते सांगावं."



महाराज पोट धरून हसले. "पंत, डाव संपेपर्यंत थांबा बाहेर. आणि सुभाना, तुला पट शिकवला कुणी रे?"

"आमच्या कारभारणीनं, सरकार," सुभाना भाला सरळ करत म्हणाला. "ती आज असती, तर उत्तर द्यायला इतका वेळ लागला नसता."