चाळीस ताटं परत करणारी मथाई

फार वर्षांपूर्वी, कोळवडीत काड्यापेटी आली नव्हती आणि लोक शेजाऱ्याच्या चुलीतून विस्तव मागून आणायचे, तेव्हाची ही गोष्ट.

गावाची एक रीत होती. ती सांगतानाही माझं डोकं फिरतं. कुणी आजारी पडलं की चाळीसही घरांतून त्याला ताट जायचं. शिरा, पुरणपोळी, तुपाने थबथबलेले लाडू. आजाऱ्याने प्रत्येक ताटातला घास घ्यायचाच. ताट न चाखता परत आलं तर ते घर रुसायचं, जाणंयेणं तुटायचं. माणूस मेला तरी चालेल, ताटाचा मान राहिला पाहिजे!

दाजीबा पाटलांची सून बकुळा तापाने पडली. ताप उतरला, पण ताटं थांबली नाहीत. बकुळा नको नको म्हणायची आणि सासू म्हणायची, एकच घास गं. असे रोज चाळीस घास. तेराव्या दिवशी तिला मान उचलवेना. जिभेवर चुना फासल्यासारखा थर चढला, अंग दगडासारखं जड झालं. तेव्हा कुठे घरच्यांना मथाई आठवली.

मथाई ओढ्यापलीकडे राहणारी वैदीण. तिचा झाडपाला गावाला चालायचा, बसायला पाट मात्र तिला कुणी कधी दिला नाही. असं म्हणतात, पोटावर नुसता तळवा ठेवला की तिला आतला अग्नी कळायचा. तिने बकुळाच्या पोटावर हात ठेवला आणि पाटलांना म्हणाली, "पोरीच्या पोटातली चूल इझत आलीया. तिच्यावर तुमी रोज वली लाकडं रचताय. न पचल्यालं समदं आत आंबून बसलंय. त्यालाच आम म्हंत्यात. त्योच तिला खातोय."

मग सुंठ घालून उकळलेलं पाणी, तेही घोटघोट. दुसरं काही नाही. आणि मथाई स्वतः काठी घेऊन उंबऱ्यावर बसली. आलेलं ताट तसंच परत. एका दिवसात चाळीस घरं रुसली.

पोरगी मरायला टेकली तेव्हा ज्यांच्या तोंडाला कुलूप होतं, ते सगळे आता चावडीवर जमले. ही सुनेला उपाशी मारते, ही करणी करते, असा बोभाटा झाला. पंचांनी पाटलांना बजावलं, हिला उठवा, नाहीतर कुठल्याही घरातून तुम्हाला विस्तव मिळायचा नाही. आणि एवढा मिशीवाला पाटील, तो वाकला! मथाईला ऊठ म्हणाला.

ती उठली. जाताना बकुळाला म्हणाली, "भूक लागंस्तवर घास घेऊ नगंस, पोरी. भूक तुझी तुला कळंल, गावाला न्हाई."

बकुळा भिंत धरत दारापर्यंत गेली आणि तिने आतून कडी घातली. बाहेर गाव ताटं घेऊन उभं होतं.

असं म्हणतात, त्याच घटकेला कोळवडीतल्या साऱ्या चुली विझल्या. फुंकून फुंकून बायकांचे डोळे लाल झाले, पण एक ठिणगी धरेना. ताटांतलं अन्न ताटांत नासलं, कुत्र्यांनीही त्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला, "मला भूक लागलीय." आणि तिच्यासाठी पेज शिजवायला अख्ख्या गावात विस्तव नव्हता. तो फक्त ओढ्यापलीकडे होता. पाटील हातात खापर घेऊन मथाईच्या दारात गेले आणि त्यांच्यामागे चाळीस घरं. तिने सगळ्यांना विस्तव दिला. मी असतो तर दिला नसता.

बकुळा जगली, तिने नातवंडं पाहिली. मथाई गेल्यावर गावाने तिचं देऊळ बांधलं. तिथे दरवर्षी तिच्या नावाने गावजेवण होतं. पुरणपोळ्या, तुपाच्या धारा, वर वाढप्यांचा आग्रह. नको म्हणणाऱ्याच्या तोंडात घास कोंबतात, आणि तोही मथाईची शपथ घालून! आम्ही बकुळाच्या वंशातली माणसं त्या पंगतीत बसतो आणि दरवर्षी पेज मागतो. अजून एकदाही कुणी ती वाढलेली नाही.