आठवड्याचा एक फोटो

देवगडचा रघुवीर मयेकर मालवाहू जहाजावर खलाशी होता. दर आठवड्याला नवं बंदर, नवा देश, नवं सिम. त्याला परवडे तो डेटाचा सगळ्यात लहान पॅक. म्हणून बायको आठवड्याला एकच फोटो पाठवी आणि रघुवीर तो पुढच्या बंदरापर्यंत पुरवून पुरवून बघे.

कॅप्टन राजाध्यक्षांकडे मात्र सगळ्या देशांत चालणारा अमर्याद पॅक होता. एकदा डेकवर चारचौघांत ते म्हणाले, "मयेकर, मी रोज तासभर व्हिडिओ कॉल करतो. तुला एका फोटोत घरचं काय कळतं रे?"

रघुवीरने फोन पुढे धरला. "आईची काठी खुंटीला आहे, म्हणजे तिचा पाय बरा आहे. अंगणात आमसुलं घातलीत, म्हणजे ऊन चांगलं आहे. पोरीचा फ्रॉक आखूड दिसतोय, म्हणजे माझ्यामागे ती दोन बोटं वाढली." त्याने फोन खिशात टाकला. "साहेब, काल तुमच्या मुलीने कुठल्या रंगाचा फ्रॉक घातला होता?"

कॅप्टनना आठवेना. कालचा तासभर ते स्वतःच बोलत होते.

दोन दिवसांनी ते रघुवीरला शोधत आले. त्यांनीही घरून एक फोटो मागवला होता. मुलीनेच काढलेला सेल्फी: बायको आणि ती, दोघीच जेवायला बसलेल्या.

"बघ रे जरा," ते हळूच म्हणाले. "माझ्या घरी कसं काय आहे?"

रघुवीरने बराच वेळ फोटो पाहिला.

"साहेब, ताटं तीन मांडलीत. तिसऱ्यापुढची खुर्ची तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय."