काळ्यांची पहिली खेळी

एक होतं जंगल. त्यात झाडं कमी आणि फलक जास्त होते. जंगलाचं नाव काळवन. तिथे झिपरे महाराज नावाचं अस्वल राज्य करायचं.

काळवन आणि शेजारचं धवलवन यांच्या हद्दीवर एक पाणवठा होता. पूर्वी त्यावरून लढाया व्हायच्या. लढाईत जनावरं मरायची आणि मतदार कमी व्हायचे, म्हणून वाडवडिलांनी तोड काढली. दर उन्हाळ्यात बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा. धवलवन जिंकलं तर पाणवठा त्यांचा. काळवन जिंकलं, किंवा नुसती बरोबरी झाली, तरी पाणवठा काळवनाकडेच. पांढरे मोहरे धवलवनाचे, त्यामुळे पहिली खेळी त्यांची. आणखी एक नियम होता. पाळी आपली असताना आपल्या बाजूच्या कुणाचाही हात मोहऱ्याला लागला, तर तोच मोहरा चालवायचा. माकडं फार ढवळाढवळ करायची, त्यांच्यासाठी हा नियम होता.

यंदा खेळायची पाळी गोदाक्का घोरपडीवर आली. गोदाक्का काही मोठी खेळाडू नव्हती. ती रोज हरायची, पण रोज थोडी उशिरा हरायची. एवढी प्रगती काळवनाच्या दुसऱ्या कुठल्याच खात्यात नव्हती. शिवाय तिचं बीळ पाणवठ्याच्या काठावर होतं आणि बिळात अंडी होती. पाणवठा गेला की अंड्यांसकट निघावं लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती दरबारात गेली.

"महाराज, मी एकच सुरुवात धरीन म्हणते. समोरच्यानं राजापुढचं प्यादं सारू दे, नाहीतर वजिरापुढचं. माझं उत्तर एकच. वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं, एक घर. दिसायला साधं आहे, पण पाय रोवता येतो. तेच तेच खेळून त्यातले खाचखळगे मला कळायला लागलेत."

"एक घर?" महाराज म्हणाले. "एवढ्या मोठ्या जंगलाची प्रतिष्ठा, आणि एक घर?"

"शिवाय हे एका घोरपडीनं ठरवायचं नाही," प्रधान खिदळे म्हणाला. खिदळे हा तरस. "जनता ठरवील."

निवडणूक लागली. वानरांच्या आरसा पक्षाचं म्हणणं, पांढरे जे खेळतील तेच आपण खेळायचं. 'ते दोन घर, आपण दोन घर, पाणी येईल घरोघर!' खिदळेच्या बगल पक्षाला समोरासमोरचं काही मान्यच नव्हतं. 'बगलेतून घाला, निकाल लागला!' गोदाक्काच्या एका घराच्या बाजूनं फक्त शेजारचं म्हातारं कासव उभं राहिलं. त्याच्या सभेला ते एकटंच होतं, आणि तेही उशिरा पोचलं.

महाराज सगळ्यांच्या वर, म्हणून ते सगळ्यांच्या सभेत बोलले.

"बंधूंनो, पिढ्यान्‌पिढ्या आपण दुसरी खेळी खेळतो आहोत. का? कुणी विचारलं? मी विचारतो आहे."

टाळ्या इतक्या वाजल्या की उत्तर द्यायची गरज उरली नाही.

बहुमत कुणालाच मिळालं नाही. मग दोन्ही पक्षांनी मिळून सरकार केलं आणि खेळ्या वाटून घेतल्या. पहिली खेळी बगल पक्षाला, दुसरी आरसा पक्षाला. घोड्याच्या दोन खेळ्या वानरांच्या जावयाला मिळाल्या. घोडा कसा चालतो हे त्याला माहीत नव्हतं, पण खातं वजनदार होतं. या चार खेळ्यांचा कायदा झाला.

"समोरचा काय खेळतोय ते बघून ठरवायला नको का?" गोदाक्कानं विचारलं.

"समोरच्याकडे बघायचं?" खिदळे म्हणाला. "अक्का, तुमची निष्ठा नक्की कुठल्या वनाशी आहे?"

घोरपडीला चिकटून राहता येतं, भांडता येत नाही.

डावाच्या आदल्या दिवशी राजवाड्यात त्या चार खेळ्या खेळून पाहिल्या. समोर कुणी बसलेलं नव्हतं, त्यामुळे सगळं उत्तम जमलं. संध्याकाळी विजयाची मिरवणूक निघाली.

डावाला धवलवनाकडून बगळा बसला. त्यानं वजिरापुढचं प्यादं पुढे सारलं. गोदाक्का कायद्यानं खेळत गेली. चौथ्या खेळीला घोडा अशा घरात जाऊन बसला की बगळ्याच्या प्याद्यानं तो फुकटात उचलला. महाराजांना तेवढ्यात एक उद्घाटन आठवलं. ते गेले, त्यांच्यामागोमाग खिदळे गेला, आणि दोन्ही पक्षही गेले.

पटाशी गोदाक्का एकटी उरली. तिला फार बरं वाटलं. आता ती आपल्या बुद्धीनं खेळू लागली. तिनं राजा कोपऱ्यात नेला, पुढे प्यादी लावली, बाजूला एक हत्ती उभा केला आणि तिथेच चिकटली. बगळ्यानं वरून पाहिलं, खालून पाहिलं, पाय बदलून पाहिला. आत शिरायला वाट नव्हती. एक घोडा कमी असूनही डाव बरोबरीकडे निघाला. राजानं कोपऱ्यात गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं.

ही बातमी कावळ्यानं राजवाड्यात नेली.

महाराज वाजतगाजत आले. बरोबर हार होता आणि चित्रकार होता. काळवनाची रीतच होती, महाराजांची प्रतिमा दिसली की महाराजांनी तिला हार घालायचा. पटावर काळा राजा उभा होता. आणि पाळी काळ्यांची होती.

"महाराज, हात लावू नका," गोदाक्का म्हणाली. "पाया पडते तुमच्या. बिळात माझी अंडी आहेत."

"बाजूला व्हा अक्का," चित्रकार म्हणाला. "चौकटीत येताय."

महाराजांनी राजा उचलला, त्याला हार घातला आणि लोकांना दाखवला. लोकांनी जयजयकार केला.

बगळा अदबीनं म्हणाला, "धरलात. आता चालवा."

राजाला जायला एकच घर होतं, ते प्याद्यांच्या आडोशाबाहेरचं. पुढच्याच खेळीला मात झाली.

गोदाक्कानं अंडी पानात गुंडाळली आणि काठ सोडला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. रडू येत होतं, पण रडायला पाणी लागतं.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी जनतेला समजावून सांगितलं. "आपण हरलो नाही. आपली सुरुवात चुकली. जनतेनं पुन्हा कौल द्यावा." चार खेळ्यांनंतर कायदा न पाळल्याबद्दल गोदाक्काला खेळायला कायमची बंदी झाली.

मतदानाला पहाटेपासून रांग लागली. रांगेत कासवाच्या मागे गोदाक्काही उभी होती, काखेत अंडी घेऊन.

"या खेपेला कुणाला देणार?" कासवानं विचारलं.

"आधी पाणी घेते," ती म्हणाली.

मत देणाऱ्याला एक द्रोण पाणी मिळत होतं. ते धवलवनाकडून विकत आणलेलं होतं. द्रोणावर त्या दिवसाचं चित्र होतं. महाराज हसताहेत, हातात राजा, राजाच्या गळ्यात हार.

मतदान विक्रमी झालं.