शंखाच्या मूळ मालकाची ना-हरकत

विषय : राणीसाहेबांच्या पाळीव खेकड्यास मोठ्या शंखात राहावयास जाण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : फार पूर्वीचा. तारीख वाळवीने खाल्ली आहे.

समुद्रकाठच्या एका राज्यात घरांची नोंद ठेवणारा एक अधिकारी होता. कुणी घर बदललं की त्याला संशय यायचा. सरळ माणूस एका जागी राहतो, हलतो तो चोर, असं त्याचं साधं गणित होतं. म्हणून त्याने नियम केला : घरात राहायला जायचं, तर आधीच्या मालकाची ना-हरकत आणावी, आणि ती मालकाने स्वतः येऊन द्यावी.

एकदा राणीसाहेब दोन महिन्यांसाठी माहेरी निघाल्या. त्यांच्याकडे शंखात राहणारा एक खेकडा होता. परातीतल्या ओल्या वाळूत तो फिरायचा आणि राणीसाहेबांच्या हातून खोबरं खायचा. निघताना राणीसाहेब अधिकाऱ्याला म्हणाल्या, "याच्यावर लक्ष ठेवा."

अधिकाऱ्याने लक्ष ठेवलं. पहिल्याच दिवशी त्याने खेकडा आणून देणाऱ्या कोळीणआजीला बोलावून घेतलं.

"हा शंख याचा स्वतःचा का?"

"नाही हो रावसाहेब. शंख गोगलगायीचा. ती मेली, घर रिकामं झालं, हा शिरला."

"मेली? कुणी पाहिलं मरताना?"

आजीने कपाळावर हात मारला. अधिकाऱ्याने लिहिलं : साक्षीदार निरुत्तर.

मग त्याने खेकड्याला चिमटीत धरून बाहेर ओढायला घेतलं. आजी ओरडली, "अहो, ओढू नका! मागचं अंग लोण्यासारखं मऊ असतं त्याचं. बारक्या पायांनी आतून घर घट्ट धरून बसतो. तुटेल, पण सोडायचा नाही."

"घर इतकं घट्ट का धरावं लागतं? हक्काचं असेल तर?"

शंख उलटा केल्यावर चमचाभर पाणी सांडलं. आजी म्हणाली, त्या ओलाव्यावरच त्याचा श्वास चालतो. अधिकाऱ्याने लिहिलं : घरात पाणी लपवून ठेवतो.

चार दिवसांनी आजी तीन मोठे शंख घेऊन आली. "वाढलाय तो. आता कात टाकील, मग हे घर त्याला पुरायचं नाही. यातला आवडेल तो घेईल."

"एकाला तीन घरं?" अधिकाऱ्याने तिन्ही शंख पेटीत घालून वर लाखेची मोहोर ठोकली. "अर्ज करा. सोबत तिन्ही गोगलगायींची ना-हरकत."

"त्या मेल्यात, रावसाहेब!"

"याही मेल्या? बाई, तुमच्या खेकड्याच्या वाटेला जाणारं कुणी जगतं की नाही?"

आजीने अर्ज केला. पेटी परातीतच राहिली, पुरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी खेकडा वाळूत शिरला आणि दिसेनासा झाला. आजीने बजावलं, "कात टाकायला गेलाय. महिनाभर हात लावू नका." अधिकाऱ्याने सात दिवस कळ काढली. आठव्या दिवशी, फरारी झाला असं ठरवून, त्याने वाळू उकरली.

आत दोन खेकडे निघाले. एक पोकळ आणि वाळका, पायांसकट. दुसरा फिकट, ओल्या कणकेसारखा, शंखात जेमतेम अर्धा मावलेला. अधिकाऱ्याच्या अंगावर काटा आला. आरोपी एक आणि देह दोन! त्याने पोकळ देह उचलून रुमालात बांधला.

"ती कात ठेवा तिथंच!" आजी काकुळतीला आली. "ती खाऊनच त्याचं अंग कडक होतं."

"स्वतःची कात खातो? म्हणजे पुरावा नष्ट करतो."

"रावसाहेब, पाया पडते. पेटी तरी उघडा. उघड्या अंगाचा नाही जगायचा तो."

क्षणभर त्याचा हात मोहोरेकडे गेला. तेवढ्यात त्याला वाटलं, म्हातारी इतकी का कळवळते? हिचा यात काय लाभ? हात मागे आला.

सकाळी खेकडा पेटीपाशी मेलेला सापडला. जुना शंख मागे पडला होता. मोठी नांगी लाखेवर टेकलेली होती.

राणीसाहेब परतल्या. त्यांनी अधिकाऱ्याचं टिपण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग एवढंच विचारलं, "ना-हरकतीचा नियम तुमचाच ना?"

"माझाच, राणीसाहेब."

"मग तो तुमच्यासाठीही कुणी मोडणार नाही."

त्याच वर्षी अधिकाऱ्याची नोकरी संपली आणि सरकारी घर सुटलं. त्याने गावाच्या टोकाला एक घर पाहून ठेवलं होतं. त्या घराचा मालक वारला होता. नव्या नोंदणीदाराने नियम काढून दाखवला : मालकाने स्वतः यावं.

"अहो, तो मेलाय!"

"कुणी पाहिलं मरताना?"

तेव्हापासून तो कचेरीच्या ओसरीवर असतो, पाठ भिंतीला घट्ट लावून. कुणी जवळून गेलं तरी अंग चोरतो. कोळीणआजी बाजाराला जाताना थांबते आणि त्याच्यापुढे भाकरी ठेवते. "खा, रावसाहेब. मिळालं का घर?" भाकरीत तिचा काय लाभ, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

तात्पर्य : समजून घ्यायचंच नसलं, की दुसऱ्याचं जगणंही गुन्ह्यासारखं दिसतं.

खेकड्याचा अर्ज अर्जदार मयत झाल्याने निकाली काढला आहे. अधिकाऱ्याचा अर्ज प्रलंबित आहे.