हुप्प्याची शेपटी

फार वर्षांमागे, वाघाच्या राज्यात ओढ्याकाठच्या जांभळीवर बसून हुप्प्या वानर राखण करायचा. बिबट्या दिसला की तो ओरडे, नि सगळे पळत. खाली गवतातलं त्याला काय दिसणार? ते रानकोंबडी येऊन सांगे.

एकदा राजाचा कोल्हा आला. "नदीपल्याडहून चोरून आलेल्यांची नावं यापुढे तू कळवायची," म्हणाला. हुकूमच तो! हुप्प्या जो भेटेल त्याला विचारू लागला, "मूळचा कुठला रे तू?"

रानकोंबडी पल्याडचीच. तिने जांभळीखाली येणंच सोडलं.

मग एका सकाळी बिबट्या गवतातून सरपटत आला आणि हुप्प्याच्या लोंबत्या शेपटीचं टोकच तोडून घेऊन गेला!

"अगं, तुला दिसला नाही?" हुप्प्या कळवळला.

"दिसला की, दादा," रानकोंबडी झुडपाआडून म्हणाली. "पण तुम्ही आधी माझं गाव विचारलं असतंत."

दुसऱ्या दिवशी कोल्हा यादी मागायला आला. हुप्प्याने आखूड शेपटी त्याच्यापुढे नाचवली. "महाराजांना म्हणावं, पल्याडचे तुम्ही शोधा. मी आपला बिबट्याच शोधतो."

"दादा, डावीकडच्या गवतात बघा!" खालून हाक आली.

सगळ्यांत आधी कोल्हाच पळाला.