दारू सोडल्याचा तोटा

इनामदार रंगरावांच्या मद्याच्या बैठकीत सनई वाजवणाऱ्या गुणाजीने दारू सोडली. आठवडाभर तो नुसता वाजवत राहिला. रंगरावांना हा अपमान वाटला. भर बैठकीत त्यांनी प्याला पुढे केला.

"सोडल्याचा फायदा आणि तोटा सांग. पटलं नाही, तर हा प्यावाच लागेल!"

गुणाजीने हात जोडले. "सरकार, फायदा माझा. इथं ऐकलेलं आता दुसऱ्या दिवशीही आठवतं."

"आणि तोटा?"

"तो आपला. परवा आपण सगळ्यांसमोर म्हणालात, 'माझी विहीर गावाला खुली करतो.' बाकीचे विसरले, मला आठवतंय."

रंगरावांनी प्याला खाली ठेवला. भर बैठकीत आठवण निघाल्यावर आता शब्द फिरवायची सोय नव्हती. सकाळी विहिरीवर बायकांची रांग लागली, आणि इनामदारांनी प्यायल्यावर बोलणंच सोडलं.