जनाक्काच्या कागदावरचे दोनशे

"मग रक्त गेलं कुठं, सर?"

डॉ. शार्दूल हेरवाडे हे तिसऱ्यांदा विचारत होता. पहिल्यांदा आवाजात आश्चर्य होतं, दुसऱ्यांदा राग होता. आता नुसती भीती होती.

डॉ. उरुणकर सरांनी चष्मा काढून पुसला.

आदल्या दिवशी सकाळी शार्दूलनं जनाक्काचा डावा पाय मांडीतून काढला होता. जनाक्का म्हणजे जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी बाई. डोक्यावर पाटी घेऊन चाळीस वर्षं गावोगाव हिंडलेला पाय साखरेनं सडवला होता. शस्त्रक्रिया झकास झाली, पाऊण तासात आटोपली. कागदावर त्यानं झोकात लिहिलं होतं: रक्तस्राव, दोनशे मिली.

आणि आज सकाळी तिचं हिमोग्लोबिन साडेनवावरून साडेपाचवर आलं होतं. ओठ पांढरेफटक. धाप लागलेली. "पाण्यात बुडाल्यागत वाटतंय रं लेकरा," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"मी बघितलंय सर. माझ्या डोळ्यांदेखत दोनशेच गेलंय. फार तर अडीचशे."

"हं…"

"रिपोर्ट चुकला असेल."

"दोनदा केलाय."

शार्दूल खोलीत येरझाऱ्या घालू लागला. खरी गोष्ट त्यानं अजून तोंडातून काढली नव्हती, आणि ती त्याला कुरतडत होती. जनाक्काचा रक्तगट बी निगेटिव्ह. तो गट सहजी मिळत नाही, म्हणून सरांनी तिच्यासाठी एक पिशवी आधीपासून राखून ठेवली होती. ती पिशवी शार्दूलनं टाके घालता घालताच परत पाठवली. "लागणार नाही," असं सांगून. गेल्या अकरा पायांत त्यानं रक्ताची पिशवी उघडलेली नव्हती, आणि ही गोष्ट तो चहा पिताना कुणी न विचारताच सांगायचा. हा बारावा पाय होता.

कालच दुपारी ती पिशवी एका बाळंतिणीला लागली. आता गावातल्या एकाही रक्तपेढीत त्या गटाचा, किंवा तिला चालणाऱ्या ओ निगेटिव्हचाही, थेंब नव्हता.

"चल," सर म्हणाले.

"कुठं?"

सर पुढं चालू लागले होते.

ते त्याला मागच्या धुण्याच्या खोलीत घेऊन गेले. शालनमावशी हौदाशी बसून शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरी खळबळत होती. दोन डॉक्टर दारात बघून ती लगबगीनं उठली.

"मावशी, यांना सांगा. मी पाय काढतो त्या दिवशी चादरींना किती पाणी लागतं?"

"एक पाणी लागतंय. लई झालं तर दोन."

"आणि हे काढतात तेव्हा?"

मावशीनं पदर सावरला. शार्दूलकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"रागावू नगासा सायेब. तुमच्या दिशी चार पाणी लागत्यात. बुडाच्या चादरीला तर पाच. ती वरनं दिसत न्हाई न्हवं, पेशंटच्या अंगाखाली असती."

शार्दूलचे कान तापले. दोन वर्षं त्याला वाटत होतं, आपलं काम हातखंडा आहे. आणि इथं ही बाई दर वेळी त्याचा हिशेब पाण्यात बघत होती.

परत येताना सर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी थांबले. आत कोपऱ्यात त्यांचा जुना वजनकाटा होता. सर स्वतः काम करायचे तेव्हा भिजलेला प्रत्येक कापडी बोळा आणि अंगाखालची चादर त्यावर पडायची, कोरड्याचं वजन वजा व्हायचं, आणि मगच कागदावर आकडा चढायचा. शार्दूलनं त्या काट्याचं नाव 'वाण्याचं दुकान' ठेवलं होतं. मला डोळ्यानं कळतं, असं तो म्हणायचा. काल त्यानं काट्यावरचं फडकंसुद्धा काढलं नव्हतं.

आजही ते फडकं तसंच होतं… दोघांनीही ते बघितलं.

"सर, पिशवी मीच परत पाठवली."

"ठाऊक आहे."

"काल का नाही बोललात?"

शार्दूल भिंतीला टेकला. वॉर्डातून नर्स सांगायला आली की जनाक्काची नाडी एकशेतीसच्या वर गेली आहे.

मग तो सरांकडं न बघताच म्हणाला, "माझा गट बी निगेटिव्ह आहे."

हेही सरांना ठाऊक असावं. त्यांनी नुसती मान हलवली आणि रक्तपेढीच्या दिशेनं हात केला.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. लोकांचे पाय कापणाऱ्या या गड्याला स्वतःला सुई टोचून घ्यायची म्हटलं की दरदरून घाम फुटायचा. खाटेवर आडवा झाला तेव्हा त्याचे ओठ जवळपास जनाक्काइतकेच पांढरे पडले होते. तंत्रज्ञ खाडेबाईंनी सुई घातली, नळी जोडली, आणि पिशवी खाटेखाली डुलणाऱ्या छोट्या काट्यावर ठेवली.

"तीनशे पन्नासची पिशवी आहे डॉक्टर. मूठ उघडझाप करत राहा."

तो छताकडं बघत राहिला. पंखा फिरत होता. जनाक्काला आता काय होत असेल, हे त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या छातीत कळत होतं… निदान तसं वाटत तरी होतं.

"झालं का हो?"

"अजून वेळ आहे."

"तपासण्या लगेच करा. संध्याकाळची वाट बघू नका. तिला आज दुपारपर्यंत मिळायला पाहिजे."

"करते डॉक्टर, पडून राहा."

तो पडून राहिला. मूठ उघडझाप करत होता.

"आता तरी झालं असेल."

त्याच्यामागून आलेले सर खाटेशी उभे होते, ते वाकले. काट्यावरची पिशवी त्यांनी अलगद तळहातावर घेतली आणि खाटेच्या कडेपर्यंत वर आणून त्याला दाखवली. गडद, गरम, हलणारी.

"किती आहे?"

"काट्यावर बघा ना सर."

"तुला डोळ्यानं कळतं. सांग."

शार्दूलनं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"तीनशे. तीनशेच्या वरच असेल."

सरांनी पिशवी परत काट्यावर ठेवली. खाडेबाईंनी वाकून आकडा वाचला.

"एकशे दहा."

पंखा फिरत होता. काटा डुलत होता…

शार्दूलनं सरांकडं बघितलं. डोळे भरून आले, आणि लाज वाटली म्हणून त्यानं ते पुसलेही नाहीत.

सरांनी काखेतली फाइल काढली. जनाक्काचा कालचा कागद वर घेतला. दोनशेच्या आकड्यावर आडवी रेघ मारून त्यांनी तो शार्दूलच्या छातीवर ठेवला आणि खरा आकडा लिहायला मोकळ्या हातात पेन दिलं.

"उठून लिहितो सर. पाच मिनिटांत होईल हे."

"नको," सर म्हणाले. "सुई आत आहे तोवर लिही."